कलश रिकामाच होता

सोलोन म्हातारा झाला होता. अथेन्सला कायदे देऊन झाले होते, देशोदेशी हिंडून झालं होतं. आता करमणूक, गाणं आणि थोडी वाइन यांत दिवस चालले होते. थेस्पिस नावाच्या माणसानं काहीतरी नवंच सुरू केलंय, गाणाऱ्या वृंदातून एकटाच बाजूला होऊन तो भलत्याच कुणाच्या नावानं बोलतो, असं कानावर आलं म्हणून सोलोन बघायला गेला. खेळ संपल्यावर त्यानं थेस्पिसला गाठलं. एवढ्या लोकांसमोर एवढं खोटं बोलताना लाज नाही वाटत तुला? थेस्पिस म्हणाला, खेळातच तर बोलतोय, त्यात काय बिघडलं? त्यावर सोलोननं हातातली काठी जमिनीवर आपटली. आज या खेळाला डोक्यावर घ्या, उद्या तो आपल्या करारमदारांत घुसलेला दिसेल.

गोष्ट ग्रीक चरित्रकार प्लुटार्कनं सांगितलेली. आता तारखा पाहा. सोलोन वारला इ.स.पू. ५६०च्या आसपास. थेस्पिसनं मद्य आणि नाटकाचा देव डायोनिसस याच्या उत्सवात बक्षीस मिळवलं ते परंपरेनुसार ५३४च्या सुमाराला. आणि प्लुटार्क हे लिहितोय त्यानंतर सहाशेहून अधिक वर्षांनी. खोटं बोलण्याबद्दलची ही गोष्ट स्वतःच बहुधा खोटी आहे, आणि म्हणूनच मला ती आवडते.

तिला लागूनच प्लुटार्क दुसरी हकीकत सांगतो. अथेन्सच्या सत्तेवर डोळा असलेल्या पिसिस्ट्रॅटसनं स्वतःच स्वतःला जखमा करून घेतल्या, गाडीत बसून तो बाजारात आला आणि शत्रूंनी माझा घात करायचा बेत केला म्हणून त्यानं लोकांना चेतवलं. सोलोन त्याला म्हणाला, होमरच्या ओडिसियसचं सोंग तुला नीट जमलं नाही. त्यानं शत्रूला फसवायला अंगावर वार करून घेतले होते, तू आपल्याच माणसांना फसवतोयस. लोकांनी सोलोनचं ऐकलं नाही. पिसिस्ट्रॅटसला सोटेवाले अंगरक्षक मिळाले, मग सत्ता मिळाली, आणि शोकांतिकांची स्पर्धा त्याच्याच अमदानीत उभी राहिली असं मानतात. तेव्हा म्हाताऱ्याची भीती अगदीच फुकट नव्हती. त्यानं संशयित तेवढा चुकीचा धरला. थेस्पिस खोटं बोलतोय हे बघणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. पिसिस्ट्रॅटसचं तसं नव्हतं.

ग्रीक शोकांतिका कुणाला सांगायला बसलं की एक प्रश्न हमखास येतो. माझ्या भाचीला मेडियाची गोष्ट सांगत होते. शेवट ऐकून ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मावशी, पण तिनं खरंच मारलं पोरांना? म्हणजे, खरंच झालं होतं का हे?" मेडियाकडे मी येणारच आहे. पण त्याआधी एका अशा नाटकाबद्दल सांगायला हवं की ज्यात अगदी खरं घडलेलंच दाखवलं होतं. त्याचं काय झालं ते इतिहासकार हिरोडोटसनं लिहून ठेवलं आहे.

इ.स.पू. ४९४मध्ये इराणी फौजांनी आशिया मायनरच्या किनाऱ्यावरचं मिलेटस घेतलं. मिलेटस म्हणजे तत्त्वज्ञ थेलीसचं गाव, आयोनियातल्या ग्रीकांचं भूषण. पुरुष बहुतेक मारले गेले, बायकामुलं गुलाम झाली, जिवंत सापडलेल्यांना इराणच्या राजधानीत, सुसाला नेलं आणि तिथून पुढे तैग्रिस नदीच्या मुखाजवळ वसवलं. अथेन्सचे लोक स्वतःला याच आयोनियन कुळातले म्हणवत. इराणविरुद्ध बंड पेटलं तेव्हा त्यांनी वीस जहाजंही पाठवली होती, आणि पहिला मार बसल्यावर ती माघारी बोलावली होती.

पुढे फ्रिनिकस नावाच्या नाटककारानं 'मिलेटसचा पाडाव' रंगभूमीवर आणलं. सगळं प्रेक्षागृह रडलं. आणि रडून झाल्यावर अथेन्सनं फ्रिनिकसला एक हजार द्राख्मांचा दंड केला. कारण काय, तर घरच्या दुःखाची आठवण करून दिली. हे नाटक पुन्हा कुणी करायचं नाही असा हुकूमही निघाला. त्या शतकाच्या अखेरीस कुशल कारागिराला दिवसाला एक द्राख्मा मिळे, त्यावरून दंडाचा आकडा कळावा. नाटक आज शिल्लक नाही.

रडवलं म्हणून दंड झाला नाही, हे उघड आहे. पुढची शंभर वर्षं हेच लोक दर वसंतात रडायला मुद्दाम जमत होते, जो जास्त रडवेल त्याच्या डोक्यावर आयव्हीचा मुकुट चढवत होते. फ्रिनिकसनं त्यांना अशा घटनेपुढे बसवलं की जिच्यात ते स्वतः होते. माघारी आलेल्या वीस जहाजांवर होते. तिथं रडायला जागाच नसते, असं मला वाटतं. म्हणजे डोळ्यांतून पाणी येतं, पण त्या पाण्याखाली हिशेब चालू असतो: मी काय केलं, कुणी परत बोलावलं, माझा मत-खडा कुठल्या बाजूला पडला होता. नाटकाला जी मोकळीक लागते ती या हिशेबात उरत नाही.

याच फ्रिनिकसनं पुढे इराणच्या पराभवावर नाटक लिहिलं, पण तेव्हा त्यानं शहाणपणा केला, प्रसंग इराणी दरबारात नेऊन ठेवला. एस्किलसनं तीच युक्ती उचलली. त्याचं 'पर्शियन' हे इ.स.पू. ४७२चं नाटक आज आपल्या हाती असलेल्या ग्रीक शोकांतिकांतलं सर्वांत जुनं, आणि ताज्या इतिहासावरचं एकमेव. इराणी आरमार जिथं बुडालं त्या सालामिसच्या लढाईला आठ वर्षं झाली होती. प्रेक्षकांत त्या दिवशी वल्ह्यावर बसलेले किती असतील कोण जाणे. नाटकाचा खर्च विशीतल्या पेरिक्लीसनं, अथेन्सच्या पुढच्या पुढाऱ्यानं, उचलला होता. बक्षीस पहिलं मिळालं.

विजयाचं नाटक, आणि ते घडतं पराभूतांच्या घरी. सुसाच्या राजवाड्यापुढे म्हातारे सल्लागार वाट पाहतायत, राजमातेला वाईट स्वप्नं पडतायत, मग जासूद येतो. मेलेल्या इराणी सरदारांची नावं एकामागून एक येत राहतात. ग्रीक माणसाचं नाव मात्र नाटकभर एकही नाही. अथेन्सचा सेनानी थेमिस्टोक्लीस यानं इराणी राजा झर्क्सीसला चकवायला पाठवलेला निरोप्या येऊन जातो, तोही बिननावाचा.

आणि मग थडग्यातून झर्क्सीसच्या बापाचं, दरायसचं भूत उठतं. मी या प्रसंगापाशी दर वेळी अडखळते. एस्किलस स्वतः इराण्यांविरुद्ध मॅरेथॉनच्या लढाईत लढला होता. त्याचा भाऊ सिनेगिरस तिथंच मेला. पळत्या इराणी जहाजाला हातानं धरून ठेवताना कुऱ्हाडीनं त्याचा हात तोडला गेला. ती फौज पाठवणारा राजा हाच दरायस. आणि नाटकात तो येतो तो शहाणा, संयमी, लेकराच्या उतावळेपणानं व्यथित झालेला बाप म्हणून. पोरानं समुद्रावर पूल बांधून देवाला साखळ्या घातल्या असा तो शोक करतो. स्वतः दरायसनं बॉस्फरसवर पूल बांधून फौज पलीकडे नेली होती, ते कुणाला ठाऊक नव्हतं? ज्यांनी त्याच्या माणसांशी हातघाईची लढाई केली तेच समोर बसले होते. त्यांच्यादेखत एस्किलसनं हे खोटं उभं केलं आणि त्यांनी ते मानलं, कारण त्याशिवाय झर्क्सीसची उद्दाम घोडचूक मोजायला माप मिळत नव्हतं. भावाच्या मरणाला कारण झालेल्या राजाला इतकं देखणं रूप देणारा नाटककार मला आजच्या कुठल्याही युद्धपटात दिसलेला नाही.

एरवी मग सगळेच मिथकाकडे वळले. आज आपल्याकडे तीसेक पूर्ण शोकांतिका उरल्या आहेत; 'पर्शियन' सोडली तर बाकी साऱ्या ट्रॉय, थीब्ज, आर्गॉस अशा जुन्या गावांच्या, जुन्या घराण्यांच्या. पण 'जुन्या' म्हटलं म्हणून बसणाऱ्याला सुटका नव्हती. मी अथेन्सला गेले होते तेव्हा ॲक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावरच्या त्या प्रेक्षागृहात बराच वेळ बसले. पहिल्या रांगेत डायोनिससच्या पुजाऱ्याची संगमरवरी खुर्ची आहे, नक्षीदार. लोक तिचे फोटो काढतात आणि नाटककार सोफोक्लीसच्या काळात पोचल्यासारखे उसासे टाकतात. प्रत्यक्षात दगडी प्रेक्षागृह पुरं झालं ते सोफोक्लीस जाऊन सत्तरेक वर्षं लोटल्यावर. त्याच्या काळी उतारावर लाकडी बाकं होती. त्या बाकांवर बसलेल्यांपुढे नाटकाआधी काय काय चाले ते मात्र नोंदलेलं आहे. अंकित शहरांनी आणलेली खंडणी रंगस्थळी मांडून दाखवत. युद्धात बाप गेलेली, सरकारी खर्चानं वाढवलेली मुलं वयात आली की चिलखत चढवून मिरवत नेत. राज्याचा हा सगळा थाट बघून झाला की मग ट्रॉयची पराभूत राणी हेक्युबा धुळीत लोळताना बघायची.

इ.स.पू. ४१५च्या वसंतात युरिपिडीसनं, ट्रॉय पडल्यावर गुलाम झालेल्या बायकांचं, 'ट्रोजन स्त्रिया' केलं. त्याच हिवाळ्यात अथेन्सनं मेलॉस नावाचं लहानसं बेट जिंकून पुरुष मारले होते, बायकामुलं गुलाम केली होती. नाटक आधीच लिहून होत आलं असेल, मेलॉसशी त्याचा थेट संबंध जोडू नये, असं काही अभ्यासक म्हणतात. असेलही. पण बघणारे तर मेलॉसहून परतलेले होते. त्यांनी दंड केला नाही. दुसरं बक्षीस दिलं. एका शब्दानंही मेलॉसचं नाव न घेतल्यामुळे युरिपिडीसला ते सगळं दाखवता आलं, जे फ्रिनिकसला दाखवता आलं नव्हतं.

विंदा करंदीकरांनी ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्र मराठीत आणलं, माझी त्या ग्रंथाशी पहिली भेट त्यातच झाली. त्यातलं एक वाक्य सगळेच सांगतात: इतिहास घडलेलं सांगतो, काव्य घडू शकेल ते सांगतं, म्हणून काव्य अधिक तत्त्वज्ञानात्मक. इतिहास म्हणजे अथेन्सच्या अल्किबियाडीस या सेनापतीनं काय केलं नि त्याच्यावर काय गुदरलं एवढंच. वाक्य मोठं आहे यात शंका नाही, पण उद्धृत होऊन होऊन गुळगुळीत झालंय. मला त्याच्या थोडं पुढचं जास्त आवडतं. शोकांतिका लिहिणारे परंपरेतल्या नावांना का चिकटून राहतात, असा प्रश्न तो काढतो आणि म्हणतो, जे घडून गेलं ते शक्य होतं हे उघडच असतं, म्हणून त्यावर विश्वास बसतो. ओडिसियस, ईडिपस ही नावं म्हणजे एक प्रकारचा जामीन. आणि लगेच तो सांगतो की अगाथॉनच्या एका नाटकात नावं आणि घटना सगळंच मनचं होतं, तरी गोडी कमी झाली नाही. शिवाय, ठाऊक असलेल्या कथाही थोड्यांनाच ठाऊक असतात.

हे वाचून मी चमकले होते. कारण याच्या अगदी उलट साक्ष अँटिफनीस नावाच्या विनोदी नाटककारानं दिली आहे. त्याची कुरकुर अशी की शोकांतिका लिहिणाऱ्यांची चैन आहे. नुसतं 'ईडिपस' म्हणा, बाप कोण, आई कोण, पोरं किती, केलं काय, सगळं लोकांना पाठ. आम्हाला बिचाऱ्यांना नावापासून सगळं जुळवावं लागतं. दोघांपैकी कुणाचं खरं? मला वाटतं दोघांचंही. लोकांना गोष्ट ठाऊक होती. नेमकी कुठली, ते मात्र ठरलेलं नव्हतं. होमरच्या 'ओडिसी'त ईडिपसची, नकळत बापाला मारून आईशी लग्न केलेल्या राजाची, हकीकत येते, तिथं त्याची आई-बायको गळफास घेते, पण तो पुढे थीब्जवर राज्य करत राहतो. डोळे फोडून घेतल्याचा उल्लेखच नाही. सोफोक्लीसनं डोळे फोडले, आईला फासावर टांगलं. युरिपिडीसच्या 'फिनिशियन स्त्रिया'त तीच आई मुलगे लढायला उभे राहीपर्यंत जिवंत आहे. कुणी उठून म्हणालं नाही की ती तर मेली होती.

आता मेडिया. इ.स.पू. ४३१, अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातलं पेलोपोनीशियन युद्ध दाराशी आलेलं. युरिपिडीस त्या वर्षी तिसरा, म्हणजे शेवटचा आला. पहिला एस्किलसचा मुलगा युफोरियन, दुसरा सोफोक्लीस. जेसनसाठी माहेर, देश, सगळं उधळून आलेली परकी बाई. कॉरिंथमध्ये जेसन राजाच्या मुलीशी लग्न लावतो. मेडिया नवरीला विषानं माखलेलं वस्त्र पाठवून तिला आणि तिला कवटाळणाऱ्या बापाला मारते, मग स्वतःच्या दोन मुलांना मारते आणि सूर्याच्या रथातून निघून जाते. जगाला ठाऊक असलेली मेडिया ही.

पण त्याआधी गोष्ट अशी ठरलेली नव्हती. एका जुन्या कथेत ती मुलांना अमर करण्यासाठी हेरा देवीच्या देवळात नेते आणि त्या खटाटोपात ती दगावतात. दुसऱ्या कथेत कॉरिंथची माणसंच मुलांना मारतात, आणि त्या पापापायी गावाला पिढ्यान्‌पिढ्या विधी करावे लागतात. आईनं जाणूनबुजून मारणं ही युरिपिडीसची स्वतःची भर, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं; निओफ्रॉन नावाच्या दुसऱ्या नाटककाराला तो मान देणारेही आहेत. प्राचीन टीपाकारांनी एक अफवा जपून ठेवली आहे: कॉरिंथकरांनी युरिपिडीसला पाच टॅलंट, म्हणजे मोठी रक्कम, चारली आणि खून आपल्या माथ्यावरून मेडियाच्या माथ्यावर ढकलून घेतला. अथेन्स आणि कॉरिंथ तेव्हा एकमेकांच्या उरावर बसायच्या तयारीत होते, त्यामुळे अफवेत तथ्य असण्याचा संभव कमीच. पण लाच देऊन मिथकात दुरुस्ती करून घेता येते असं कुणाला तरी वाटलं, यात किती काय आलं!

युरिपिडीसची करामत कळते ती जुनी गोष्ट मनात ठेवून नाटक वाचलं की. मेडिया मन घट्ट करताना स्वतःला सांगते, पोरांना शत्रूच्या हाती विटंबायला ठेवणार नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, आलं, कॉरिंथकर येणार. राजा आणि राजकन्या मेल्यावर जेसन धावत येतो. कशासाठी? मुलांना वाचवायला, राजाचे नातेवाईक सूड म्हणून त्यांना मारतील या धास्तीनं. तो जुन्या गोष्टीतून धावत येतो आणि दारात त्याला कळतं की गोष्ट बदललेली आहे. प्रेक्षकालाही त्याची खात्री पटते ती जेमतेम थोडी आधी. मिथक माहीत असणं हाच इथं सापळा आहे.

शेवटी रथातून मेडिया सांगते की मुलांना मी हेराच्या देवस्थानात पुरेन आणि या हत्येच्या शुद्धीसाठी कॉरिंथमध्ये उत्सव, विधी सुरू करून देईन. विधी खरोखरच होत होता. खोट्या खुनाचा दोरा युरिपिडीसनं खऱ्या विधीला बांधून टाकला. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसेनियस हा प्रवासी कॉरिंथला गेला तेव्हा त्याला त्या मुलांचं स्मारक दाखवलं गेलं, मर्मेरॉस आणि फेरीस अशी नावंही सांगितली गेली. विषारी भेटी घेऊन आले म्हणून गावानं त्यांना दगडांनी मारलं. मग गावातली तान्ही मुलं मरू लागली. देववाणी झाली तसे वार्षिक बळी सुरू झाले आणि भीतीची एक मूर्ती उभारली. मूर्ती पॉसेनियसनं पाहिली. विधी तेवढे रोमनांनी शहर उद्ध्वस्त केल्यापासून बंद पडले होते. युरिपिडीसच्या नाटकाला तेव्हा सहाशे वर्षं होत आली होती, सगळ्या जगानं ते वाचलं होतं, आणि कॉरिंथमध्ये अजून सांगत होते की आम्हीच मारलं.

भाचीला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पण मावशी, लोक स्वतःवर आळ कशाला घेतील?" मला उत्तर सुचलं नाही. ज्या मुलांच्या असण्याचाच पुरावा नाही त्यांच्या हत्येची जबाबदारी एक गाव शेकडो वर्षं वाहतं, आपल्या पोरांचे केस कापतं, त्यांना काळे कपडे घालतं. याला खोटं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

युरिपिडीस याहून पुढे जातो, कधीकधी जरा अतीच. 'हेराक्लीस'मध्ये हेरा देवी आकसानं हेराक्लीसला वेड लावते आणि वेडाच्या भरात तो बायकामुलांना मारतो. आकसाचं कारण, तो तिच्या नवऱ्याच्या, देवराज झ्यूसच्या व्यभिचारातून जन्मलेला. वेडाची देवता आपण रंगभूमीवर प्रत्यक्ष उतरताना पाहिलेली असते. शुद्धीवर आलेल्या हेराक्लीसला त्याचा मित्र थीसियस समजावतो, अरे, देवही असलं करतात, तरी राहतातच ना ऑलिंपसवर. हेराक्लीस म्हणतो, देव व्यभिचार करतात, एकमेकांना बेड्या घालतात, हे मी कधी मानलं नाही, मानणार नाही. या कवींच्या नादान कथा आहेत. आता हे खरं धरलं तर झ्यूसनं काही केलं नाही, हेराला राग यायचं कारण नाही, आणि हे बोलणारा हेराक्लीस जन्मालाच आला नाही. मिथकातलं पात्र उभं राहून मिथक नाकारतं आणि मेलेली पोरं तिथंच पडलेली असतात. पंडितांनी या ओळींवर पुष्कळ शाई खर्च केली आहे. मला त्या एका बापाच्या तोंडी अगदी साहजिक वाटतात. स्वतःच्या हातानं पोरं मारलेल्या माणसानं तर्कशुद्ध बोलावं अशी अपेक्षा आपण का करावी?

गॉर्जियस नावाचा वक्ता शोकांतिकेला सरळ फसवणूक म्हणे. पण अशी, की जिच्यात फसवणारा न फसवणाऱ्यापेक्षा न्यायी आणि फसणारा न फसणाऱ्यापेक्षा शहाणा. हे चमकदार बोलणं मला बरीच वर्षं नुसतं चमकदारच वाटत होतं. सोफोक्लीसची 'इलेक्ट्रा' नीट वाचली तेव्हा त्यातलं काही उमगलं.

बापाच्या खुनाचा सूड घ्यायला ओरेस्टिस गुपचूप परत आलाय. आल्या आल्या तो बेत सांगतो: मी मेलो अशी आवई उठवायची. शब्दात मेलो आणि प्रत्यक्षात जगलो तर माझं काय जातं? फायदा असेल तर कुठलाच शब्द वाईट नाही, असंही तो म्हणतो. मग त्याचा म्हातारा सेवक राजवाड्यात जाऊन डेल्फीच्या रथशर्यतीत ओरेस्टिस कसा मेला त्याचं लांबलचक वर्णन करतो. दहा रथ, धुरळा, फेऱ्यांमागून फेऱ्या, शेवटच्या वळणावर खांबाला घासलेला आस, लगामात गुंतून फरफटलेलं शरीर. सगळ्या ग्रीक रंगभूमीवरच्या उत्तम वर्णनांपैकी एक, आणि त्यातलं अक्षरही खरं नाही. प्रेक्षकाला ते खोटं असल्याचं आधीपासून माहीत आहे. ओरेस्टिसच्या काळी त्या क्रीडास्पर्धाच नव्हत्या, हेही जुन्यांच्या लक्षात आलं होतं. ॲरिस्टॉटलनं त्यावर नाकही मुरडलं आहे. तरी ऐकताना श्वास अडकतो.

मग ओरेस्टिस परक्याच्या वेषात येतो आणि बहिणीच्या हातात पितळी कलश देतो. यात तुझ्या भावाची राख. इलेक्ट्रा तो कलश उराशी धरून बोलते. तुला मी पाठवलं तेव्हा तू केवढा तेजस्वी होतास, आता हातात काहीच नाही. तुला आंघोळ घालायला माझे हात नव्हते, चितेतून अस्थी वेचायला नव्हते. मलाही या कलशात घे, शून्यात शून्य. समोर भाऊ उभा आहे, धडधाकट. कलशात कुणाचीच राख नाही. ओरेस्टिस नावाचा कुणी कधी होऊन गेला का तेही ठाऊक नाही. मुखवट्यामागं बाई नसून पुरुष आहे. सत्याच्या बाजूनं मोजायला बसलं तर या प्रसंगात हाती काहीही लागत नाही. आणि भावाचा बेत मोडतो तो नेमका इथंच: एवढ्या आत्मविश्वासानं शब्दात मेलेला ओरेस्टिस बहिणीचं रडणं ऐकून स्वतःला आवरू शकत नाही. आपल्याच खोट्यापुढे तो हरतो.

या प्रसंगाला एक परिशिष्ट आहे. इ.स.पू. चौथ्या शतकात पोलस नावाचा मोठा नट होता. त्याचा लाडका मुलगा वारला. सुतक संपवून तो कामावर परतला तेव्हा अथेन्समध्ये हीच इलेक्ट्रा करायची होती. औलस गेलियस नावाचा रोमन लेखक सांगतो की पोलसनं थडग्यातून मुलाच्या अस्थींचा कलश काढून आणला आणि तो छातीशी धरून इलेक्ट्राचा विलाप केला. नाटक चाललंय असं दिसत होतं, प्रत्यक्षात शोक चालला होता.

नटमंडळींमध्ये ही गोष्ट भारावून सांगतात. मला ती ऐकून दर वेळी अस्वस्थ वाटतं. शोक खरा असेल, पण इलेक्ट्राचा नव्हे. सोफोक्लीसनं इतक्या कसोशीनं रिकामा ठेवलेला कलश पोलसनं भरून टाकला. रिकामा होता म्हणून त्यात कुणालाही आपापली राख घालता येत होती. मेलॉसच्या बाईला, अथेन्सच्या फसलेल्या सिसिली मोहिमेत मुलगा गमावलेल्या बापाला. पोलसच्या कलशात एकाच मुलाला जागा होती. आणि त्या दिवशीच्या प्रेक्षकाला आत काय आहे ते माहीत असेल, तर त्याची गत फ्रिनिकसच्या प्रेक्षकासारखी झाली असणार: बघावं की नजर वळवावी? माहीत नसेल, तर मग त्या अस्थींनी नाटकात भर ती काय पडली? गेलियसनं हे लिहिलं ते पोलसनंतर चार-पाचशे वर्षांनी, त्यामुळे कलशात खरंच काही होतं का, हा प्रश्न इथंही उरतोच.

हे मी एवढ्या तावातावानं लिहितेय खरी, पण 'ट्रोजन स्त्रिया'त हेक्युबाची विधवा सून अँड्रोमाकी तान्ह्या पोराचा निरोप घेते तिथं माझे डोळे भरतात, आणि सकाळच्या पेपरातल्या तसल्याच बातमीवरून चहा पिता पिता मी पान उलटते. याचं काय करायचं ते प्लेटोला चांगलं ठाऊक होतं. त्यानं कवींना नगराबाहेरच काढलं. प्लुटार्कनं त्यापेक्षा मजेदार माणूस नोंदून ठेवलाय. थेसलीतल्या फेरीचा जुलमी राजा अलेक्झांडर (सिकंदर नव्हे, त्याच्या आधीचा). माणसांना जिवंत पुरणारा, जनावरांची कातडी पांघरवून त्यांच्यावर कुत्री सोडणारा. ज्या भाल्यानं सख्ख्या चुलत्याला मारलं त्याला हार घालून पूजणारा. हा एकदा 'ट्रोजन स्त्रिया' बघत असताना मध्येच उठून गेला. नटाला त्यानं निरोप पाठवला, वाईट वाटून घेऊ नकोस, काम कमी पडू देऊ नकोस. तुझं नाटक आवडलं नाही म्हणून गेलो नाही. ज्यानं मारलेल्यांपैकी कुणाची कधी कीव केली नाही तो हेक्युबा नि अँड्रोमाकीसाठी रडताना प्रजेला दिसला असता, याची लाज वाटली.

नाटकानं तो सुधारला नाही. इ.स.पू. ३५८मध्ये त्याच्या बायकोनं, थीबीनं, आपल्या भावांकरवी त्याला झोपेत मारवलं. तेही प्लुटार्कच सांगतो, आणि काय सांगतो! नवरा माडीवर झोपायचा, दाराशी फक्त घरच्यांना ओळखणारं कुत्रं. तिनं कुत्र्याला बाहेर नेववलं, शिडीच्या पायऱ्यांवर लोकर अंथरली, उशाशी टांगलेली तलवार काढून घेतली. भाऊ ऐन वेळी कचरले तेव्हा म्हणाली, मीच त्याला जागं करून सगळं सांगते. मग दिवा हातात धरून तिनं त्यांना वर नेलं. कुणी पाय धरले, कुणी केस धरून मान मागं ओढली.

नवऱ्याला मारणारी राणी आणि आतल्या खोलीतला खून. एस्किलसचं 'अगामेम्नॉन' वाचलेल्या कुणालाही हे घर ओळखीचं वाटेल. प्लुटार्कनं तर सगळंच वाचलेलं होतं, आणि तो साडेचारशे वर्षांनंतर लिहीत होता. राजा होता, राणी होती, खून झाला, एवढ्यावर मी डोळे मिटून सही करीन. पायऱ्यांवरच्या लोकरीवर मात्र पैज लावणार नाही.